निवडणं

आई ज्वारी निवडायला बसली की ओसरीवर एक लय सुरू होते. सुपातलं धान्य पुढं सरकतं, मागं येतं, बोटं त्यातून चालत जातात आणि मधेच एखादा खडा फरशीवर पडल्याचा ‘टक्’. पुन्हा सरकणं, पुन्हा टक्. लहानपणापासून ऐकतोय, पण ती नेमकं काय निवडते हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता. दाणे ती उचलतच नाही. उचलते ते खडे, काड्या, ढेकळाचे तुकडे, किडका दाणा. जे उचललं ते टाकायचं, जे राहिलं ते गिरणीत न्यायचं. मराठीत ह्यालाही निवडणं म्हणतात आणि मतदानयंत्रावर एका नावासमोरचं बटण दाबतो त्यालाही निवडणंच म्हणतात. एकात नको ते वेचायचं, दुसऱ्यात हवं ते. एकाच शब्दावर दोन्ही कामं कशी भागवली, देव जाणे.

हे सुचलं ते २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर. ओसरीत आई, आतल्या खोलीत संगणकासमोर मी, मधे उघडं दार.

“काय करायलास रं मघापासून?” तिनं विचारलं.

“निवडायलोय.”

“काय?”

ह्या ‘काय’चं उत्तर मला पटकन जमेना. म्हटलं, “कंप्युटरचा वाण.”

ती “बरं” म्हणाली. शेतकऱ्याच्या घरात वाण म्हटल्यावर पुढं कुणी विचारत नाही.

यंत्र २०१२ चं, लातूरहून सुटे भाग जुळवून आणलेलं. कोअर आय-थ्री, दुसऱ्या पिढीचा; चार जीबी रॅम; पाचशे जीबीची हार्ड डिस्क, जी सुरू होताना आता जात्यासारखी घरघरते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम नावाची सुरक्षेची सोयही लागते. मी पेशानं मास्तर, त्यामुळं मला हे लगेच कळलं: आठवीच्या वर्गात दुसरीतलं पोर बसत नाही. आणि नवं यंत्र घ्यावं म्हटलं तर साल तसलं नव्हतं. सप्टेंबरात मांजरेला पूर येऊन गेलेला, धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडलेले, काठची सोयाबीन पाण्यात उभ्याउभ्या कुजलेली. हेच धरण २०१६ साली इतकं आटलं होतं की लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आमच्याकडं पाणी एक तर येत नाही, नाही तर एकदमच येतं. अशा साली ‘नवा संगणक’ हे दोन शब्द घरात एका वाक्यात काढायचे नसतात.

एक कबुली देऊन टाकतो. माझ्या यंत्रातली विंडोज रीतसर विकत घेतलेली नव्हती. आमच्या केजात तेव्हा कुणाचीच नसावी असं वाटायचं. सीडी एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फिरायची, विरजणाच्या वाटीसारखी. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘सक्रिय करा’ अशी विनंती कायम उभी असायची. वर्षं गेली तशी ती मला दिसेनाशी झाली. पोरीला मात्र दिसायची. आठवीतली पोर एकदा म्हणाली, “बाबा, हे आपण चोरलंय का?” त्यावर मी जे काही बोललो ते कुठल्याही मास्तरानं वर्गात बोलू नये असं होतं.

संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं ते एमएस-सीआयटीनं. एमकेसीएलनं २००१ साली तो अभ्यासक्रम आणला आणि दोन-तीन वर्षांत तालुक्या-तालुक्याला त्याच्या पाट्या लागल्या. नोकरीला लागायचं तरी तो हवा, लागलेली टिकवायची तरी तो हवा. वेतनवाढ अडेल ह्या धास्तीनं पन्नाशीतले ग्रामसेवक माउस धरायला शिकले. धरायचे असा, जसा काही तो खरंच पळून जाणार आहे. मीही २००३ ला पास झालो. त्या अभ्यासक्रमाचं वाईट वाटायचं कारण नाही, त्यानं दार उघडलं. पण दार एकच आहे असं वाटायला लागलं, ते मात्र खरं.

दुसऱ्या दाराची चाहूल मला पोस्टानं लागली. २००८ च्या उन्हाळ्यात पोस्टमन एक परदेशी पाकीट घेऊन आला. कागदी वेष्टनात एक सीडी, उबुंटू ८.०४: विंडोजच्या जागी बसवायची लिनक्स. मार्क शटलवर्थ ह्या दक्षिण आफ्रिकी माणसानं २००४ साली ही मंडळी उभी केली आणि कुणीही पत्ता कळवला तर सीडी फुकट, टपालखर्चही त्यांचाच, अशी सोय ठेवली. २०११ पर्यंत ती चालली. ज्या गावात बियाण्याच्या पिशवीवरही दुकानदार पन्नास रुपये जादा लावतो, तिथं कुणीतरी सातासमुद्रापारहून फुकट काही धाडतंय ह्यावर कुणाचा विश्वास बसेना. पोस्टमन बराच वेळ दारातच रेंगाळला. “किती भरले?” त्यानं विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की आता ह्या मास्तराच्या खात्यातून पैसे जाणार.

उबुंटू हा आफ्रिकेतल्या न्गुनी भाषांमधला शब्द. माणूस माणसामुळं माणूस असतो, असा काहीसा त्याचा भाव. आवृत्त्यांना प्राण्यांची नावं. माझ्या वाट्याला आलेली ‘हार्डी हेरॉन’, म्हणजे चिवट बगळा. बगळा चिवट असेल, पण तेव्हा केजात दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन. हार्ड डिस्कवर तो अर्धा उतरला आणि लाईट गेली. दुसऱ्यांदा बसवला तर इंटरनेटचं डेटाकार्ड चालेना. आठ दिवस त्याचा तपकिरी पडदा बघितला, पत्ते खेळलो आणि परत फिरत्या सीडीकडं गेलो. ती उबुंटूची सीडी मी टाकली नाही. आंब्याच्या झाडाला पाखरं हाकायला टांगण्यासाठी आईनं मागितली, तेव्हाही दिली नाही.

तर सतरा वर्षांनी त्याच दाराशी परत. आणि बघतो तर दाराआड दालन नाही, आठवडी बाजार.

सुरुवातीला साधं होतं. १९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स ह्या २१ वर्षांच्या पोरानं जाहीर केलं की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टम लिहितोय. त्यानं लिहिला तो लिनक्सचा कर्नेल. इंग्रजीत कर्नेल म्हणजे दाणा, आतला गर. हे ध्यानात आलं आणि मला ओसरीवरचं सूप पहिल्यांदा नीट दिसलं. दाण्याभोवतीची बाकीची सामग्री आधीपासून जमत होती. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ सालीच ग्नू प्रकल्प पुकारला होता आणि पुढं जीपीएल हा परवाना रचला. परवान्याचं सार आमच्याकडच्या कुणालाही सांगता येईल: हे बियाणं घे, पेर, शेजाऱ्याला दे, निवडून सुधारून नवा वाण कर, फक्त तो दुसऱ्याला देशील तेव्हा ह्याच मोकळीकीनं दे, पिशवीचं तोंड शिवू नको. दाणा एकच, त्याभोवती कुणी काय काय जमवून पिशवी भरली, त्यावर डिस्ट्रो ठरते. असल्या पिशव्या आज जगात शेकड्यांनी आहेत.

मालदांडी ज्वारी अशीच घरची. रब्बीत काळ्या रानातल्या ओलीवर येते, पुढच्या पेरणीचं बी मागच्या कणसातून काढून ठेवायचं, कुणाला कमी पडलं तर पायलीभर द्यायचं. हायब्रीड आली १९६४ च्या सुमारास. तिचं बी दर साली विकत. आई हायब्रीडला नावं ठेवत नाही. “तिनं पोट भरलंय,” म्हणते. बहात्तरच्या दुष्काळात तिनं अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्लेली आहे, त्यामुळं धान्याला नावं ठेवायची चैन तिला परवडत नाही. मीही विंडोजला नावं ठेवणार नाही. दहा वर्षं तिच्यावर पोट नाही तरी वरखर्च भागवलाय.

पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन लावला. “काका, आर्च टाका. बाकी सगळं जुनं झालं.” आर्च २००२ सालची, तिच्यात ठरावीक आवृत्ती नसते, ती वाहती असते, नवं आलं की आत. पुण्यात वाहतं चालेल. माझ्याकडं रोजचा दीड जीबीचा पॅक, त्यात पोरीचे अभ्यासाचे व्हिडिओ. शिवाय आर्च तिच्या रूढ रीतीनं बसवायची म्हणजे काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा स्वतः लिहायची. पुतण्याला त्यातच मौज. विशीत असतो तसा. टक्. पहिला खडा, अर्थात माझ्यापुरता.

फेडोराकडं ओढ होती, कारण त्या वाटेवर पुण्याच्या माणसांची पावलं आहेत. तिच्यामागची कंपनी रेड हॅट. तिच्या पुण्यातल्या मंडळींनी भारतीय भाषांच्या फाँटवर पुष्कळ खपून काम केलं. २००४ साली खुले झालेले ‘लोहित’ फाँट त्यांच्याच घरातले. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटमधला लाल. पण फेडोराचा नेहमीचा जीनोम पडदा चार जीबीत अंग चोरून बसतो. दोष तिचा नाही, माझ्या यंत्राच्या वयाचा. पपी लिनक्स अगदी हलकी, कर्त्याच्या कुत्र्यावरून तिचं नाव आलेलं. मला मात्र ती जरा फारच हलकी वाटली. सरकारी उपक्रमातली, सी-डॅकच्या चेन्नईतल्या लोकांनी घडवलेली ‘बॉस’ बघितली. तिचा पाया डेबियन ह्या दुसऱ्या डिस्ट्रोचा. म्हटलं, टँकर ज्या विहिरीवरून भरतो त्या विहिरीवरच जावं.

उबुंटूचाही पाया डेबियन. मिंट ह्या आणखी एकीचा पाया उबुंटू. खणत जाल तिकडं तीच विहीर लागत होती.

रात्री बाराचा हिशेब खेड्यात आता सगळ्यांना माहीत आहे. दिवसाचा पॅक बाराला संपतो आणि बारालाच नवा सुरू होतो. मोठी फाईल उतरवायची तर साडेअकराला बसायचं, म्हणजे आजचं उरलेलं आणि उद्याचं ताजं दोन्ही हाताशी. विहिरीआधी मिंट बघायची म्हणून तिची तीन जीबीच्या आसपासची फाईल मी अशी दोन रात्रींत उतरवली. मधे तुटली की तुटल्या जागेवरून पुढं. उतरल्यावर ती सचोटीची आहे का हे बघायला एक चौसष्ट अक्षरांची ओळ जुळवून पाहायची असते. यंत्र ती क्षणात जुळवतं. मी आधी डोळ्यांनी जुळवली. जुनी प्रूफं तपासायची खोड. एका ओळीवर बोट, दुसऱ्या ओळीवर बोट. ओसरीवर दिवा मालवलेला, आई झोपलेली, आणि मी आत चौसष्ट अक्षरं निवडतोय.

पेन ड्राइव्हवर घेऊन न बसवताच यंत्र चालवून बघता येतं, ही लिनक्सवाल्यांची फार सभ्य चाल. घरात घेण्याआधी चार दिवस ओसरीत ठेवून बघा म्हणतात. तशी मी मिंट ठेवली. क्लेमाँ लफेव्र ह्या आयर्लंडमध्ये राहणाऱ्या फ्रेंच माणसानं २००६ साली सुरू केलेली, आवृत्त्यांना बायकांची नावं. चालली. आवाज आला, वायफाय आलं, छापयंत्र ओळखलं. पोरगी म्हणाली, “हे तर आधीसारखंच आहे.” बायको म्हणाली, “माझी वीजबिलाची पावती कुठंय?” आमच्या तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथं दर धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात आणि मग नवे कपडे देऊन मान करतात. नव्या डिस्ट्रोचंही तेच: आधी दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी गाढवावर बसवायचं. मिंटनं ते निमूट सोसलं.

मग तिच्याशेजारी डेबियन ठेवली, एक्सएफसीई ह्या साध्या पडद्यासकट. तीही चालली. झालं. खडे संपले आणि समोर दोन ढीग राहिले, दोन्ही स्वच्छ.

इथं माझी गाडी अडली. आईच्या पद्धतीनं मी इथवर आलो होतो. नको ते वेचत गेलो की हवं ते आपोआप उरतं, असा माझा समज. पण दोन उरल्यावर ही रीत संपते. आता बोटांनी काही होत नाही, आता दुसऱ्या अर्थानं निवडायचं, एकाला उचलायचं. त्याला कारण लागतं आणि माझ्याकडं कारण नव्हतं. आठ दिवस मी नुसताच वाचत बसलो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे मराठी पाठ ऐकले. कुठलाही शहाणा माणूस नवख्याला मिंट सांगेल, आणि माझ्यामागं कुणी विचारायला आलं तर मीही मिंटच सांगेन.

मी डेबियन घेतली, ती एका लग्नपत्रिकेमुळं.

सांगतो. शाळेच्या पगारात भागेना म्हणून २००४ पासून दहाएक वर्षं मी घरी डीटीपी करत होतो. लग्नसराईत रात्र-रात्र पत्रिका जुळवायच्या. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ पर्यंत. चि. आणि चि. सौ. कां. ह्यांच्या मधे एक गणपती, एक नारळ, मुहूर्ताची वेळ, स्थळ वधूचे निवासस्थानी. केज, धारूर, कळंब, युसूफवडगाव. ह्या भागातली शेकडो लग्नं माझ्या हार्ड डिस्कवर लागलेली आहेत. काहींची पोरं आता माझ्याच वर्गात बसतात. दोन नावं शेजारी ठेवली की डोळा आधी जोडाक्षर शोधतो, मग रुंदी जुळवतो; ही सवय गेलेली नाही.

तर डेबियन हे नाव असंच जुळवलेलं आहे. इयान मर्डॉक ह्या विद्यार्थ्यानं १६ ऑगस्ट १९९३ ला ती जाहीर केली आणि मैत्रीण डेब्राचं नाव आधी, आपलं मागं, असा संधी केला: डेब अधिक इयान. वधूचं नाव आधी! आमच्याकडं अशी पत्रिका छापायला आणली असती तर मी दोनदा विचारून घेतलं असतं. पुढं त्यांचं लग्न झालं, २००८ मध्ये ते वेगळेही झाले, २०१५ च्या डिसेंबरात इयान गेला. नाव राहिलं. १९९३ म्हटलं की आमच्या मुलखाला एकच पहाट आठवते, ३० सप्टेंबरची. विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारीकडं जमीन हलली तेव्हा केजातली भांडीही फळीवरून पडली होती. मी तेरा वर्षांचा होतो, आईनं झोपेतून ओढत अंगणात आणलं. त्या पहाटेच्या सहा आठवडे आधी तिकडं अमेरिकेत कुणीतरी दोन नावं जोडत होतं, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात त्या आता एका चौकटीत बसल्यात आणि उठत नाहीत.

डेबियनचं बाकीचंही मला भावलं, पण खरं कारण मी सांगितलं ते, हे नंतरचं. तिच्यामागं मालक कंपनी नाही. जगभरातले स्वयंसेवक ती सांभाळतात, त्यांची लिहिलेली घटना आहे, १९९७ पासूनचा सामाजिक करार आहे आणि दर वर्षी ते आपला म्होरक्या मतदानानं निवडतात. उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा आणि एकेका जोडीची तुलना करून ठरवायचं. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्यांची नावं. कच्च्या, सतत बदलत्या शाखेचं नाव सिड, म्हणजे त्या सिनेमातला खेळणी मोडणारा पोरगा. माझ्या वाट्याची तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, आली ९ ऑगस्ट २०२५ ला. त्या दिवशी राखी पौर्णिमा होती. सत्तर हजारांच्या घरातली पॅकेजेस त्यात आहेत. एवढ्यातली मला बारा-तेरा लागतील.

आणि बसवताना ती मराठीत बोलली. भाषांच्या यादीत खाली जात होतो तर ‘मराठी’ दिसलं. कुणीतरी, कुठंतरी, पगार न घेता, ‘विभाजन’ आणि ‘जाळे’ असले शब्द शोधत बसलं असणार. काही ठिकाणी भाषा इतकी शुद्ध की मला इंग्रजी आठवून अर्थ लावावा लागला, ते असो. शेवटी डिस्कवर लिहायचं का हे ती विचारते आणि खूण आधीच ‘नाही’वर ठेवून विचारते. ‘नाही’वर बोट ठेवून थांबणारं यंत्र मी पहिल्यांदा बघत होतो. हो म्हणायला मला दोन मिनिटं लागली. मधे बाहेर जाऊन इन्व्हर्टरचा दिवा हिरवा आहे ना हे बघून आलो. बगळ्याची आठवण होती.

टंकनाची पद्धत निवडायची वेळ आली तर यादीत इन्स्क्रिप्टबरोबर ‘गमभन’ हे नाव होतं. पाटीवर गिरवलेली पहिली अक्षरं तिथं सापडतील असं वाटलं नव्हतं. मी घेतलं इन्स्क्रिप्ट. त्यात शिफ्ट धरून ‘र’ दाबला की पायाखाली नुक्ता असलेला ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त, मग ‘य’: ऱ्य. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे. जुन्या दिवसांत ह्या एका डोळ्याच्या पापणीसारख्या खुणेसाठी मी किती चिन्हं धुंडाळली असतील. लिब्रेऑफिसात एक ओळ टंकली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले. मराठीचा ल पाकळ्यांचा, श देठाचा. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात तसं नमूदही केलेलं आहे. मन खट्टू झालं. मग लोहित फाँट लावला, त्या ओळीची भाषा ‘मराठी’ अशी सांगितली आणि अक्षरं जागच्या जागी वळली. ‘ल’नं पाकळ्या उघडल्या, ‘श’ला देठ फुटला. फाँट तोच, त्याला फक्त सांगायला हवं होतं की आपण कुणाच्या घरात आहोत. मी ते दहा वेळा करून बघितलं. हिंदी, मराठी. हिंदी, मराठी. पोरगी म्हणाली, “बाबा, बस्स.”

पत्रिका मात्र उघडल्या त्या भुतासारख्या. जुन्या फायली लिब्रेऑफिस उघडतं. चौकट आली, गणपती आला, नारळ आला, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, उद्गारचिन्हं ह्यांची खिचडी. आमच्या वेळचे फाँट बहुरूपी होते. आत इंग्रजी अक्षरच बसलेलं असायचं, फाँट त्याच्यावर देवनागरीचं सोंग चढवायचा. सोंग उतरलं की रामाच्या जागी कोणीतरी भलताच. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. म्हणजे मी जुळवलेली एकूण एक पत्रिका नीट मार्ग असताना आडवाटेनं गेली. तेव्हा छापखान्यांची वाटच ती होती, एकट्यानं मी काय करणार.

अंबाजोगाई इथून पाऊण तासावर. तिथं संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर लिहिलेलं पंचीकरण. दासोपंत १६१५ साली गेले. चारशे वर्षांपूर्वीचं कापड जीर्ण असेल, पण अक्षर लावलं तर लागतं. आणि माझी २००९ ची पत्रिका मला लागेना. शाळेत असताना सहलीला ते कापड बघितलं होतं तेव्हा इतकंच वाटलेलं की एवढं कोण वाचणार.

मग एक तक्ता केला. ह्या चिन्हाला हे अक्षर, त्या चिन्हाला ते. दोनेकशे जोड्या. त्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडात नंतर, रफाराचं उलटं. त्यामुळं नुसतं बदलून भागत नाही, उड्या माराव्या लागतात. पुतण्यानं फोनवरून दहा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहून दिला आणि “काका, आर्चवर हे अजून सोपं गेलं असतं” हेही ऐकवलं. एका रविवारी दुपारी पहिली पत्रिका अक्षरात आली. कुणाची ते सांगत नाही. मंडळी गावातच आहेत.

छापली. गिरणीतून आणलेलं पीठ डब्यात भरून आई ओसरीवर टेकली होती, कागद तिच्या हातात दिला. ती चौथी शिकलेली आहे, अक्षरावर बोट ठेवून वाचते. तिच्या बोटांना खड्याची ओळख सुपाच्याही आधीची. बहात्तरला दुष्काळी कामावर ती सतराव्या वर्षी खडी फोडायला होती. वाचता वाचता तिला ते लग्न आठवलं. मांडवात पाऊस आलेला, बुंदी भिजलेली, नवरदेवाचा एक बूट सापडेना. बोट पुढं सरकत होतं. मुहूर्त, स्थळ, निमंत्रक. मामाच्या ओळीत ते थांबलं.

“हे काय आलं मधी?”

वाकून बघितलं. एका आडनावाच्या पोटात एक डॉलर राहिला होता, तक्त्यात न सापडलेला. मी पेन आणायला आत गेलो, खिसे चाचपले, टेबल धुंडाळलं. पेन मिळून परत आलो तरी तिनं बोट उचललं नव्हतं.